रंगवलेला मॉडेल टँक बघायचा कसा: नवीन लोकांसाठी, खान्देशातून

मॉडेल टँक समोर ठेवला की बहुतेक जण दोनच वाक्यं बोलतात, "एकदम ओरिजिनल वाटतो भो" आणि "केवढ्याला मिळतो रे हा". त्यात चूक काही नाही, पण ज्याने तो बनवलाय त्याने महिनोन्महिने बसून जे काम केलेलं असतं त्यातलं काहीच आपल्या डोळ्यात येत नाही आणि आपण पुढे जातो, म्हणून हे लिहितोय. जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव इकडची बरीच पोरं आता किट मागवून घरी बनवायला लागलीत, त्यांच्याकडे जाल तेव्हा काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं आणि काय विचारायचं ते सांगतो. बनवायचं नसलं तरी चालेल, बघता आलं तरी खूप मजा आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चांगल्या मॉडेलवर एकही डाग उगाच नसतो. गंज आहे तर तो तिथेच का आला, रंग उडालाय तर कोणाच्या बुटाने उडाला, माती लागलीय तर कुठल्या गावची, ह्या प्रत्येकाला कारण पाहिजे. कारण सापडलं की समजायचं बनवणाऱ्याने डोकं लावलंय. नुसता घाण केलेला टँक कोणीही करेल.

आधी स्केल समजून घ्या

मॉडेलच्या डब्यावर १:३५, १:४८, १:७२ असं लिहिलेलं असतं, १:३५ म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं. टँकमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते १:३५. हा विचित्र आकडा आला कुठून तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामियाने पँथर टँकचं किट काढलं, त्यात मोटर आणि बॅटरी बसायला पाहिजे होती, तेवढी जागा ठेवून जो साइज आला तो साधारण १:३५ निघाला आणि मग सगळ्या जगाने तोच धरला.

आता हिशोब करा. खरा सेंच्युरियन (आपल्या सैन्यातला जुना ब्रिटिश बनावटीचा टँक) तोफेसकट पावणेदहा-दहा मीटरच्या आसपास लांब, म्हणजे १:३५ मध्ये साधारण २८ सेंटिमीटर. पावणेसहा फुटी माणूस ५ सेंटिमीटरचा होतो आणि त्याचं डोकं साडेसहा मिलिमीटरचं, त्या साडेसहा मिलिमीटरमध्ये डोळे, भुवया, दाढीची सावली रंगवायची असते. आणि उलटा हिशोब तर अजून महत्त्वाचा, मॉडेलवर २ मिलिमीटरचा रंग उडालेला दाखवला तर खऱ्या टँकवर तो ७ सेंटिमीटरचा टवका झाला, म्हणजे हाताच्या पंज्याएवढी रुंदी. रंगाचा थर पाव मिलिमीटर जाड झाला तर खऱ्या टँकवर जवळजवळ ९ मिलिमीटर जाडीचा रंग फासल्यासारखं झालं. म्हणून बारीक बोल्टची कड रंगाखाली बुजलीय का एवढंच बघितलं तरी माणसाचा हात किती हलका आहे ते कळतं.

लांबून बघा, हात मागे ठेवा

पहिल्यांदा दोन-अडीच फुटांवरून बघा. उजेड खिडकीचा असला तर बेस्ट, ट्यूबलाइटखाली हिरवा रंग भलताच दिसतो. लांबून बघताना डिटेल शोधू नका, टँक जड वाटतोय का ते बघा. खरा सेंच्युरियन पन्नास टनांच्या वरचा, तो जमिनीवर "बसलेला" दिसला पाहिजे. सगळी चाकं खाली टेकलीत का, का एखादं हवेत आहे? समोरून बघितल्यावर टरेट (वरचं फिरतं डोकं) आणि हल (खालचं धड) सरळ आहे का, तोफेची नळी मधोमध आहे का? एक चाक अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी सगळा टँक खेळण्यासारखा वाटायला लागतो, आणि कुठे बिघडलंय ते आपल्याला सांगता येत नाही, नुसतं वाटत राहतं.

मग पट्टे बघा, म्हणजे ट्रॅक. इथे नवख्या माणसाने जरा जास्त वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. टी-५५ ह्या सोव्हिएत बनावटीच्या टँकला वर पट्टा उचलून धरायला वेगळे रोलर नसतात, पट्ट्याचा वरचा भाग मोठ्या चाकांवरच टेकतो, त्यामुळे तो मध्ये झोल खाऊन चाकांवर पडलेला दिसलाच पाहिजे. किटमधला रबरी पट्टा एका सरळ रेषेत ताणलेला दिसला की टी-५५ मेला. उलट अमेरिकन शेर्मन टँकला वर रोलर असतात आणि पट्ट्याच्या पिनांना आत रबराचं बुश असतं, तो ताठच राहतो, तिथे झोल दाखवला तर ती चूक. बरेच जण पट्ट्याची एकेक कडी वेगळी कापून, घासून, चिकटवून जोडतात, एका बाजूला ऐंशी-नव्वद कड्या, दोन बाजू धरून दीडशेच्या वर गेलं. ते काम दिसतं ते ह्या झोलात. ते दिसलं की दाद द्या, कारण ह्या कामाला कोणी दाद देत नाही.

रंगाच्या खाली काय आहे

आता जवळ जा. बनवणाऱ्याला विचारून मोबाईलचा टॉर्च लावा, पण वरून नाही, एकदम आडवा, टँकच्या अंगाला लागून. असा उजेड पडला की जे लपलंय ते बाहेर येतं.

किट येतं ते राखाडी नाहीतर हिरव्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये, त्यातून एकेक पार्ट कापून काढावा लागतो. कापल्यावर बारीक ठूस राहतं. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे पार्टवर बारीक रेघ येते. साच्यातून पार्ट ढकलून काढणारी पिन असते, तिचा गोल खड्डा राहतो. हे सगळं भरून, घासून, परत भरून साफ करावं लागतं आणि रंग मारल्यावर ह्यातलं काहीच दिसत नाही. चांगलं काम झालं की ते अदृश्य होतं. म्हणून तुम्ही मुद्दाम शोधायचं, तोफेच्या नळीवर हमखास, कारण पुष्कळ किटमध्ये नळी दोन अर्ध्या भागांत येते आणि जोड घासताना ती गोल राहत नाही, चपटी होते. नळीच्या तोंडाकडून एक डोळा मिटून बघा. गोल आहे? सरळ आहे? तोंड आतून पोकळ आहे? काही जण सरळ लेथवर काढलेली ॲल्युमिनियमची नळी विकत घेऊन बसवतात, त्यातही काही वावगं नाही.

दुसरं बघायचं ते लोखंडाचा पोत. टी-५५ चा टरेट ओतीव आहे, म्हणजे साच्यात पोलाद ओतून केलेला, तो खरखरीत दिसला पाहिजे. त्याचा हल मात्र प्लेटा वेल्डिंग करून केलेला, तिथे पृष्ठभाग सपाट आणि जोडावर वेल्डिंगची उठलेली लाइन. किटमध्ये पुष्कळदा दोन्ही सारखंच गुळगुळीत येतं. मग बनवणारा काय करतो, प्लास्टिक विरघळवणारं पातळ सोल्युशन टरेटवर लावतो, वरचा थर मऊ पडला की कडक ब्रशने टोचत जातो, वाळलं की हलकं घासतो, आणि ओतीव पोलादाचा पोत येतो. बोट लावून बघायची इच्छा होईल, लावू नका. आपले टी-९० भीष्म मात्र वेल्डेड टरेटचे आहेत, तिथे हा खरखरीतपणा दिसला तर विचारा का केला म्हणून.

टँकच्या अंगावर टांगलेलं सामान बघायला विसरू नका. ओढायची तार बहुतेक जण इलेक्ट्रिकच्या वायरीतली तांब्याची तार पिळून करतात. गुंडाळलेली ताडपत्री टिश्यू पेपर आणि पाणी घातलेल्या फेविकॉलची, नाहीतर सरळ एम-सील लाटून. अँटेना कधी कधी त्याच प्लास्टिकच्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून केसासारखा ओढलेला असतो. घडीला घडीसारखी पडलेली, दोरीच्या खाली दबलेली ताडपत्री दिसली की माझा तर तिथेच पाच मिनिटं मुक्काम असतो.

रंग: एक हिरवा म्हणजे एक हिरवा नसतो

लांबून टँक हिरवा दिसतो. जवळून बघा, वरच्या आडव्या भागावर तो थोडा उजळ असेल, खाली चाकांकडे गडद, प्लेटच्या मधोमध फिका आणि कडेला जरा दबलेला. हे सगळं मुद्दाम. एवढीशी वस्तू असल्यामुळे तिच्यावर उन्हाची सावली खऱ्यासारखी पडत नाही, ती रंगातच द्यावी लागते. आणि मूळ रंगही डब्यातला तसाच मारत नाहीत, थोडा फिका करून मारतात, कारण खरा टँक आपण लांबून बघतो तेव्हा मधल्या हवेने तो फिकाच दिसतो.

ह्यानंतर येतो वॉश. पातळ केलेला गडद ऑइल कलर बारीक ब्रशने बोल्टच्या पायाशी नुसता टेकवतात, तो आपोआप खाचेत पळतो आणि बोल्टच्या भोवती डोळ्यात काजळ घातल्यासारखी बारीक काळसर कड उमटते. चांगला वॉश म्हणजे बोल्ट उठून दिसतो पण वॉश दिसत नाही. सपाट भागावर चहाच्या कपाने पडतो तसा गोल डाग सुकलेला दिसला तर हात घाईचा होता. ड्रायब्रशिंगचंही तसंच, जवळजवळ कोरड्या ब्रशने उठलेल्या कडांना फिका रंग चाटवतात, थोडक्यात केलं तर कडा जिवंत होतात, जास्त झालं तर सगळा टँक खडू फासल्यासारखा पांढुरका.

आपल्या इकडच्या हवेचा एक मुद्दा आहे जो परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्या कोरड्या हवेत एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) निघालेला ॲक्रिलिक रंग टँकपर्यंत पोचायच्या आत हवेतच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरसारखा होतो. आडव्या टॉर्चमध्ये ते लगेच दिसतं. आणि पावसाळ्यात उलटं, दमट हवेत लॅकर वार्निश मारलं की त्यावर दुधाळ झाक येऊ शकते. म्हणून खान्देशात उन्हाळ्यात रंगवलेला टँक हाताला रेशमासारखा निघालाय असं कळलं तर समजा त्या माणसाने रंगात सुकणं लांबवणारं रिटार्डर घातलं असेल, पहाटे उठून रंग मारला असेल, काहीतरी केलंच असेल. विचारा त्याला, आनंदाने सांगेल.

आकडे आणि खुणा बघताना डोळा तिरका करा. त्या बहुतेक डिकल असतात, पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ फिल्मा. फिल्मच्या खाली हवा राहिली की चंदेरी चमक येते. ती नसेल तर त्याने आधी ग्लॉस म्हणजे चकचकीत वार्निश मारून मग डिकल, मग ते मऊ करून बसवणारं सोल्युशन, मग वरून बिनचमकीचं मॅट असा पूर्ण रस्ता चाललाय. पुढे पिवळ्या गोलात काळा आकडा दिसला तर तो नुसता शोभेचा नाही, कुठल्या ताकदीच्या पुलावरून ही गाडी जाऊ शकते त्याचा वर्ग आहे.

आता डाग, गंज, धूळ: इथेच खरी परीक्षा

रंग उडालेला बघताना स्वतःला त्या टँकवर चढवा. पाय कुठे ठेवाल, हात कुठे धराल, हॅचच्या (आत शिरायच्या झाकणाच्या) कडेला बूट कुठे घासेल, टूलबॉक्सचं झाकण कुठे आपटेल. तिथे टवके असले की बरोबर. टरेटच्या बाजूला मधोमध, जिथे कोणाचा हात-पाय लागत नाही तिथे सारख्या आकाराचे टवके पसरलेत म्हणजे रंगात बुडवलेला स्पंज घेतला आणि ठोकत सुटला. चांगल्या टवक्यात दोन पातळ्या असतात, वरवर खरचटलेलं फिक्या हिरव्याने, खोल गेलेलं गडद तपकिरीने. भिंग लावून बघा. आपल्याकडे तर जळगावच्या सराफ बाजारात डोळ्याला लावायचं भिंग सहज मिळतं, दहापट मोठं दाखवणारं, एकदा घ्या, आयुष्यभर पुरतं.

गंजाचं कारण विचारा. अमेरिकन एम-११३ ह्या चिलखती गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, त्यावर कोणी नारिंगी गंजाचे ओघळ काढले तर ते कितीही सुंदर असू देत, चूकच. रबराला गंज चढत नाही. रोज चालणाऱ्या टँकच्या पट्ट्याची आतली बाजू, जिथे चाक फिरतं, ती घासून चकचकीत असते, गंजलेली नसते, आणि ती चकाकी बरेच जण मऊ शिसपेन्सिल घासून आणतात. सायलेन्सरवर मात्र गंज येणारच, रोज तापतो, रोज गार होतो. टी-५५ चा धूर डाव्या फेंडरवर (पट्ट्यावरच्या मडगार्डवर) मागे निघतो, काजळी तिथेच पाहिजे. उजव्या बाजूला दिसली तर हळूच विचारा.

आणि माती. ह्या बाबतीत आपण खान्देशातली माणसं शहरातल्यांपेक्षा पुढे आहोत असं मला मनापासून वाटतं, कारण काळी माती काय असते ते आपल्याला माहितीये. जुलैत कापसाच्या शेतातून बाहेर आलेला ट्रॅक्टर नीट बघा, रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून आलेला बघा. चाकाच्या खाचेत खोल माती ओली, काळी, चमकणारी. बाहेरच्या कडेला तीच माती वाळून राखाडी झालेली आणि तडकलेली. मडगार्डच्या खाली जाड थर, वरती नुसते शिंतोडे, आणि शिंतोड्यांची दिशा चाकाच्या फिरण्याची. इंजिनच्या बाजूला तेल सांडलंय तिथे धूळ चिकटून काळपट झालीय. हे सगळं चांगल्या मॉडेलवर दिसलं पाहिजे, एकच तपकिरी रंग सगळीकडे थापला असेल तर ती माती नाही, तो रंगच आहे. मातीसाठी ते कोरडी रंगाची पूड म्हणजे पिगमेंट, प्लास्टर, गोंद, कधी खरी चाळलेली माती वापरतात, पण खरी माती वापरताना ती इतकी बारीक चाळावी लागते की अर्धा मिलिमीटरचा कणही चालत नाही, कारण १:३५ मध्ये तो सुपारीएवढा दगड होतो.

आता ह्याच्याही पुढची गोष्ट. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स ह्या आपल्या टँक रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये लढले त्याचं नाव "फामागुस्ता". वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र. हा टँक पुष्कळ जण फार मनापासून बनवतात. पण ती लढाई पाकिस्तानातल्या शकरगढ भागातली, तिथली जमीन गाळाची, फिकट भुरकट. तिथे आपली कापसाची काळी माती लावली तर टँक सुंदर दिसेल आणि गोष्ट खोटी होईल. तोच सेंच्युरियन नगरजवळच्या खारे कर्जुनेच्या रेंजवर सराव करताना दाखवला असेल तर काळी माती चालू शकते. म्हणून माती बघितली की पहिला प्रश्न हाच, "हा टँक कुठे उभा आहे?" बनवणाऱ्याने त्याचं उत्तर एका दमात दिलं की समजा त्याने रंगाचा डबा उघडायच्या आधी नकाशा उघडला होता.

बनवणाऱ्याशी बोलायचं कसं

उचलायचं असेल तर विचारून, आणि खालून हलला धरून. नळीला, पट्ट्याला, अँटेनाला हात नाही. लहान पोरं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. "किती खर्च आला" हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याऐवजी एखादी जागा दाखवून विचारा, "नाना, हा वेल्डिंगचा जोड कसा काढला?", "भाऊ, ह्या बाजूला गंज जास्त आहे, पाणी इथून गळतं का खऱ्यात?" असं विचारलं की माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो आणि रेफरन्सचे फोटो काढून दाखवतो. चूक दिसली तरी ती आधी प्रश्न म्हणून विचारा, कारण पुष्कळदा त्याच्याकडे खरा फोटो असतो आणि त्या एका टँकला खरंच तसंच असतं.

खरा टँक एकदा तरी बघा

खान्देशातून जायला सोपं म्हणजे नगर, आताचं अहिल्यानगर, तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम, १९९४ पासून आहे. जळगावहून संभाजीनगरमार्गे पहाटे निघालात तर दुपारच्या आत पोचता. सेंच्युरियन, विजयंता, शेर्मन, पॅटन सगळे समोर उभे. तिथे गेल्यावर पूर्ण टँकसमोर सेल्फी झाला की वही काढा आणि फक्त तीन जागा बघा: वेल्डिंगचा एक जोड, पट्ट्याची एक कडी, आणि चाकाचं रबर जिथे लोखंडाला मिळतं ती कड. त्या कडेचा एक जवळून फोटो काढता आला तर काढा. टी-५५ ला एका बाजूला पाच चाकं, प्रत्येक चाक जोडीचं, दोन्ही बाजू मिळून वीस तबकड्या, आणि मॉडेलवर त्या प्रत्येकीची ही कड गोल, न थरथरता, ब्रशने ओढलेली असते. घरी आल्यावर मॉडेलवर आधी तीच बघा, मग बाकीचं.

उन्हाळ्यात जात असाल आणि मित्राचा मॉडेल टँक तिथे फोटो काढायला बरोबर नेत असाल तर बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात पातळ प्लास्टिकचे पार्ट वाकतात आणि नळी एकदा वाकली की सहज सरळ होत नाही. डबा, खाली फोम, वर काहीही ठेवायचं नाही, आणि सीटच्या खाली सावलीत.